विद्यापीठातल्या अणुभट्टीचा ऑपरेटर परवाना: अर्जापासून पहिल्या पाळीपर्यंत

मागच्या महिन्यात मला अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाचा रिॲक्टर ऑपरेटरचा परवाना मिळाला. विद्यापीठातल्या एका छोट्या संशोधन अणुभट्टीपुरता तो आहे. सुरुवात केली तेव्हा अर्जापासून परवान्यापर्यंत नेमकं काय काय घडतं, हे कुणी सलग लिहिलेलं मला सापडलं नव्हतं. नियमावल्या भरपूर होत्या, पण त्या वाचून धीर येत नाही. म्हणून सगळं ताजं आहे तोवर लिहिते आहे. विद्यापीठाचं नाव आणि पहाऱ्या-कुलपांचे तपशील गाळले आहेत. ते कुणीच लिहू नयेत.

आमची भट्टी ट्रायगा जातीची, २५० किलोवॅटची. वीजकेंद्रातल्या मोठ्या भट्टीची उष्णताशक्ती तीन हजार मेगावॅटच्या आसपास असते. त्या मानाने आमची बारा हजारांश. ती वीज बनवत नाही. जमिनीत खोल उतरलेला एक हौद, त्यात साधारण लाखभर लिटर शुद्ध पाणी आणि तळाशी इंधनाचा गाभा. गाभ्यावर सुमारे सहा मीटर पाणी असतं, आणि तेच शीतकही असतं आणि किरणोत्सर्ग अडवणारी भिंतही. तुर्भ्याला १९५६ साली सुरू झालेली अप्सरा याच घराण्यातली, हौदातली भट्टी होती. इथून मिळणारे न्यूट्रॉन वापरून मातीच्या, खडकांच्या, जुन्या भांड्यांच्या तुकड्यांचं पृथक्करण होतं, कमी आयुष्याचे समस्थानिक तयार होतात आणि विद्यार्थी शिकतात.

अमेरिकेत विद्यापीठांच्या अशा भट्ट्या आता साधारण दोन डझन उरल्या आहेत. पहिली १९५३ मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेटमध्ये चालू झाली. सगळ्यात मोठी मिझुरी विद्यापीठाची, १० मेगावॅटची. ओरेगनमधल्या रीड कॉलेजात तर अणुअभियांत्रिकीचा विभागच नाही, तरी तिथली भट्टी १९६८ पासून मुख्यतः पदवीपूर्व विद्यार्थी चालवतात. हे मुद्दाम सांगते, कारण "हे आपल्या विषयातलं नाही" म्हणून मागे फिरणारे बरेच जण पाहिले. माझा स्वतःचा विषय रसायनशास्त्र.

ऑगस्टच्या अखेरीस भट्टीच्या कार्यालयात अर्ज दिला. हा अर्ज विद्यापीठाचा असतो, आयोगाचा नाही. आयोगाशी गाठ पडते ती अगदी शेवटी. अर्जात शिक्षण, वेळापत्रक आणि किती सत्रं थांबणार एवढंच विचारतात. शेवटचा प्रश्न कळीचा आहे. शिकवायला वर्ष लागतं, त्यामुळे शेवटच्या वर्षाला असलेल्यांना सहसा घेत नाहीत. करायचं मनात असेल तर पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षातच विचारा.

मग पार्श्वभूमी तपासणी. सोबत माणूस न घेता भट्टीच्या दालनात जायचं तर बोटांचे ठसे देऊन एफबीआयकडून गुन्हेविषयक नोंदी तपासल्या जातात. माझे ठसे विद्यापीठाच्या पोलीस कार्यालयात घेतले. उत्तर यायला काही आठवडे गेले, आणि तोवर दाराच्या आत प्रत्येक पावलाला कुणीतरी बरोबर लागायचं. पाण्याची बाटली बाहेर राहिली तरी दोघांनी जायचं. ज्यांचे आधीचे पत्ते अनेक शहरांत किंवा देशांत आहेत त्यांनी तारखांसह यादी आधीच करून ठेवावी. आणि परदेशी नागरिक असाल तर प्रवेशाचे आणि परवान्याचे नियम आपल्याला कसे लागू होतात, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारून घ्यावं. सत्र वाया जाण्यापेक्षा ते बरं.

त्याच दरम्यान किरणोत्सर्ग सुरक्षेचा वर्ग झाला. शेवटी लेखी चाचणी, आणि ती पार केल्यावर छातीला लावायचा, अंगावर पडलेला किरणोत्सर्ग नोंदणारा बॅज. कायद्यानं अशा ठिकाणी काम करणाऱ्याला वर्षाला ५ रेम, म्हणजे ५० मिलिसिव्हर्ट, ही मर्यादा आहे आणि सामान्य माणसासाठी १ मिलिसिव्हर्ट. प्रत्यक्षात या मर्यादेच्या कितीतरी खाली राहणं अपेक्षित असतं. वर्षभरात माझ्या बॅजवर जे नोंदलं गेलं ते मर्यादेचा अगदी नगण्य भाग होतं. हे आकडे मी आईला फोनवर वाचून दाखवले होते. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण उभी कुठे राहतेस तू?" तिला हौदाचा छेद काढून पाठवला, सहा मीटर पाणी दाखवलं, कोणत्या जागी मीटर काय दाखवतो ते लिहिलं. त्यानंतर तिनं काळजी सोडली असं म्हणणार नाही, पण तिचे प्रश्न बदलले. घरच्यांना "काही होत नाही गं" म्हणण्यापेक्षा मोजमाप सांगावं, असं माझं मत आहे.

सप्टेंबरपासून आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग. पहिला महिना नुसतं भौतिकशास्त्र. मला सगळ्यात धास्ती याच भागाची होती आणि सगळ्यात आनंदही इथंच मिळाला, म्हणून जरा थांबते.

युरेनियम-२३५ चं केंद्रक फुटलं की न्यूट्रॉन बाहेर पडतात आणि ते पुढची केंद्रकं फोडतात. जवळजवळ सगळे न्यूट्रॉन तत्क्षणी सुटतात. एका पिढीपासून दुसरी पिढी व्हायला सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कितीतरी कमी वेळ लागतो. तेवढ्यावरच कारभार असता तर माणसाच्या हाताला भट्टी आवरली नसती. पण शेकडा सुमारे ०.६५ न्यूट्रॉन उशिरा येतात. विखंडनातून तयार झालेली काही केंद्रकं आधी क्षय पावतात आणि मग न्यूट्रॉन सोडतात, काही सेकंदाच्या आत तर काही मिनिटभरानंतर. एवढ्याशा उशिरावर सगळं नियंत्रण उभं आहे. विखंडनांची साखळी वाढते आहे की घटते आहे, याचं माप म्हणजे रिॲक्टिव्हिटी. ऑपरेटर ती डॉलर आणि सेंटमध्ये मोजतात. एक डॉलर म्हणजे या उशिरा येणाऱ्या न्यूट्रॉनांचा पूर्ण वाटा. आपण कायम काही सेंटांच्या घरात हालचाल करतो, आणि शक्ती मिनिटांच्या हिशेबात वाढते.

दुसरी गोष्ट इंधनाची. १९५६ मध्ये सॅन डिएगोला एडवर्ड टेलर, फ्रीमन डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती निर्धास्त देता येईल अशा भट्टीचा विचार मांडला. अशी पहिली भट्टी, म्हणजे पहिली ट्रायगा, तिथेच १९५८ मध्ये चालू झाली. युक्ती अशी की न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारा हायड्रोजन त्यांनी इंधनातच बसवला. युरेनियम आणि झिर्कोनियम हायड्राइड एकाच कांडीत असतात. इंधन तापलं की त्यातला हायड्रोजनही तत्क्षणी तापतो, न्यूट्रॉनांना मंदावण्याऐवजी उलट ऊर्जा देऊ लागतो आणि विखंडनं कमी होतात. त्यासाठी कुठला पंप लागत नाही, तारेतून संदेश जावा लागत नाही, माणसानं बटण दाबावं लागत नाही. काही ट्रायगा भट्ट्यांत न्यूट्रॉन शोषणाऱ्या नियंत्रक दांड्यांपैकी एक दांडा हवेच्या दाबानं झटकन वर काढून मुद्दाम स्पंद देतात. शक्ती क्षणार्धात शेकडो मेगावॅटवर जाते आणि इंधन तापल्यामुळे आपोआप खाली येते. आमच्या भट्टीला स्पंदांची मुभा नाही, पण हे समजल्यावर माझी भीती बरीच ओसरली. जे उरलं ते लक्ष होतं, आणि ते कायम राहायला हवं.

ऑक्टोबरपासून देखभालीत हात घालू दिला. इथं माझं ठाम मत सांगते. परवान्यासाठी तयारी करणारे बरेच जण कन्सोलसमोर, म्हणजे भट्टी चालवायच्या नियंत्रण-मेजासमोर, बसण्याचे तास मोजतात आणि देखभालीचे दिवस टाळतात. मला परीक्षेत जे आलं त्यातलं निम्म्याहून अधिक देखभालीच्या दिवसांनी शिकवलं.

उदाहरणार्थ पाणी. हौदातलं पाणी सतत आयन-विनिमय रेझिनमधून फिरत असतं. त्याची वाहकता रोज नोंदायची आणि ती ठरलेल्या मर्यादेच्या आत ठेवायची. पाण्यात क्षार वाढले तर कांड्यांचं पोलादी आवरण आणि ॲल्युमिनियमचे भाग गंजतात. शिवाय जे काही पाण्यात असेल ते गाभ्याजवळून जाताना किरणोत्सारी होतं. ॲल्युमिनियमवर वेगवान न्यूट्रॉन आदळून सोडियम-२४ बनतं. त्याचं अर्धायुष्य १५ तास, आणि ते रेझिनमध्ये जाऊन बसतं. म्हणून रेझिन बदलायचं ठरलं की आधी काही दिवस भट्टी बंद ठेवतात. पाच दिवसांत आठ अर्धायुष्यं होतात, म्हणजे सोडियम-२४ अडीचशेवा हिस्सा उरतं. पुस्तकातलं अर्धायुष्य वेळापत्रकात कसं उतरतं ते मला त्या दिवशी कळलं.

रेझिन बदलण्याचं काम दिसायला प्लंबिंगचं. आधी टाकीच्या बाहेरून मीटरनं मोजणी, मग दुहेरी हातमोजे, पायमोजे, जमिनीवर प्लास्टिक. जुनं रेझिन पाण्यासकट पिंपात ओढून घ्यायचं. ते पिंप कमी पातळीचा किरणोत्सारी कचरा म्हणून सुरक्षा विभागाकडे जातं, त्याचा वेगळा फॉर्म. मग नवं रेझिन पाण्यात कालवून भरायचं, हवा राहू द्यायची नाही, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याची वाहकता खाली येईपर्यंत धुऊन काढायचं. रेझिनचे मणी जमिनीवर सांडले तर मोहरी सांडल्यासारखी गत होते, पाय ठरत नाही. सांडलेलं लगेच टिपा, नंतरवर ठेवू नका. शेवटी जमीन फिल्टर कागदानं पुसून त्या कागदावरचा किरणोत्सर्ग मोजायचा. या सगळ्याला दिवस गेला, आणि संध्याकाळी वाहकतेचा काटा खाली आलेला पाहून मला झालेलं समाधान कुठल्याही गुणपत्रिकेनं दिलेलं नाही.

मग जुनी इलेक्ट्रॉनिक्स. भट्टी साठ वर्षांच्या आसपासची, काही उपकरणं तिच्याच वयाची. शक्ती मोजणाऱ्या एका वाहिनीचा एक भाग बंद पडला आणि तो बनवणं कारखान्यानं केव्हाच थांबवलं होतं. जुना साठा असलेल्या एका पुरवठादारानं कबूल केलेली तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलली आणि आम्ही कित्येक आठवडे भट्टी चालवू शकलो नाही, कारण ती वाहिनी चालू असल्याशिवाय दांडे उचलायची परवानगीच नाही. बदली भाग मूळच्यासारखाच असेल तर प्रश्न नसतो. वेगळा असेल तर 'हा बदल आयोगाला आधी न विचारता करता येतो का' याची लेखी छाननी करावी लागते. त्या छाननीचा मसुदा मला लिहायला दिला. आठ-दहा प्रश्न, प्रत्येकाला कारणासह उत्तर. कंटाळवाणं वाटेल, पण भट्टीच्या सुरक्षा अहवालात कोणता भाग कशासाठी आहे हे त्या निमित्तानं शोधावं लागलं. असं काम कुणी देत असेल तर नाही म्हणू नका.

भट्टी सुरू करण्याआधीची तपासणी हाही देखभालीचाच भाग. सकाळी पहिला माणूस येतो तो यादी घेऊन फिरतो. हौदाची पातळी, पाण्याचं तापमान, हवेतल्या किरणोत्सर्गाचे मीटर, पंखे, मग प्रत्येक स्क्रॅम, म्हणजे भट्टी झटक्यात बंद करणारी यंत्रणा, एकेक करून. दांडे विद्युतचुंबकांना लटकलेले असतात. प्रवाह तुटला की चुंबक सोडतो आणि दांडा स्वतःच्या वजनानं गाभ्यात पडतो. ठरलेल्या मुदतीनं पडण्याचा वेळ मोजतात. आमची मर्यादा एक सेकंद. नीट जुळणी केलेला दांडा त्याच्या बऱ्याच आत पडतो, आणि आधीच्या वर्षांच्या नोंदींशी ताडून पाहिलं की तो हळू पडायला लागलाय का हे मर्यादा गाठण्याच्या खूप आधी कळतं. जुनी लॉगबुकं वाचा. फावल्या वेळात मी ती मागे मागे चाळत गेले. कुणीतरी वीस वर्षांपूर्वी शाईनं लिहिलेलं "पंप दोनचा आवाज बदलला आहे" हे वाक्य आणि त्याखाली महिन्याभरानं बेअरिंग बदलल्याची नोंद. असं वाचलं की आपणही काय लिहायचं ते समजतं.

कन्सोलसमोर नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा बसले. परवाना नसलेल्या विद्यार्थ्याला नियंत्रणं हाताळू देता येतात, पण परवानाधारक ऑपरेटर शेजारी हजर असावा लागतो आणि त्याच्या सूचनेनंच हात हलवायचा. आपण काय करणार ते आधी मोठ्यानं बोलायचं, मग करायचं, मग काय झालं ते सांगायचं. शेजारची सीनियर ऑपरेटर, म्हणजे वरच्या दर्जाचा परवाना असलेली, पहिल्या दिवशी एवढंच म्हणाली, "तू बोलली नाहीस तर तुझ्या मनात काय आहे मला कसं कळणार?" माझ्यासारख्या मुळात कमी बोलणाऱ्या माणसाला हे दांडे उचलण्यापेक्षा अवघड गेलं.

गाभ्यात न्यूट्रॉनांचा एक छोटा स्रोत असतो. त्याचे न्यूट्रॉन मोजणीयंत्रात पुरेसे दिसत नसतील तर दांडे वर येतच नाहीत. यंत्र आंधळं असताना भट्टी सुरू होऊ नये म्हणून ती अट आहे. मग एकेक दांडा ठरलेल्या उंचीपर्यंत, दर टप्प्याला थांबून आकडे पाहायचे. क्रिटिकल झाली की दांडे न हलवता शक्ती स्थिर राहते, आणि लॉगबुकात वेळ, दांड्यांच्या जागा, सही. शक्ती वाढली की पाण्यात निळा उजेड दिसू लागतो. विद्युतभारित कण पाण्यातल्या प्रकाशापेक्षा जास्त वेगानं जातात तेव्हा तो पडतो. पाहुणे त्यासाठी येतात. कन्सोलवरच्या माणसाची नजर मात्र आकड्यांवर.

डिसेंबर परीक्षांत गेला. जानेवारीत, सत्र सुरू होण्याआधी, वार्षिक कामं असतात. त्या दिवसांसाठी मी घरी जाणं पुढे ढकललं आणि ते सार्थकी लागलं.

पहिलं काम दांड्यांचं मूल्यमापन. अगदी कमी शक्तीवर, इंधन तापणार नाही अशा बेतानं, दांडा थोडा वर काढायचा आणि शक्ती ठराविक पट व्हायला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचनं मोजायचं. त्यावरून तेवढ्या हालचालीची किंमत सेंटमध्ये काढायची. असं खालपासून वरपर्यंत. आलेख नागमोडी येतो, कारण गाभ्याच्या मधोमध न्यूट्रॉन जास्त आणि टोकांना कमी. त्या आकड्यांतून सर्वांत प्रभावी दांडा वरच अडकला तरी बाकीचे भट्टी बंद ठेवू शकतात ना, हा हिशेब निघतो.

दुसरं, शक्तीचं अंशांकन. कन्सोल २५० किलोवॅट म्हणतो, पण खरंच तेवढे आहेत का? बाहेरचं शीतकरण बंद करायचं, भट्टी स्थिर शक्तीवर चालवायची आणि हौदाचं पाणी किती वेगानं तापतं ते पाहायचं. लाख लिटर पाणी आणि २५० किलोवॅट असतील तर तासाला साधारण २.१ अंश सेल्सियस. सातवी-आठवीतलं उष्णतेचं गणित आहे. आकडा जुळला नाही तर मोजणीयंत्राची जागा किंचित सरकवून पुन्हा.

तिसरं काम इंधनाची पाहणी. याला सीनियर ऑपरेटर जागेवर असणं कायद्यानंच बंधनकारक आहे. गाभ्यात कांड्या गोल कड्यांमध्ये उभ्या असतात. आतल्या कड्यात सहा जागा, मग बारा, अठरा, चोवीस, तीस. कांडी सुमारे ७२ सेंटिमीटर लांब. लांब दांडीच्या चिमट्यानं एका वेळी एकच उचलायची, पाण्याखालीच ठेवायची, आणि पाण्यातल्या मापकात लांबी व वाक तपासायचा. लांबी ३.२ मिलिमीटरपेक्षा जास्त वाढलेली किंवा वाक १.६ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर ती कांडी निवृत्त. एक जण चिमट्यावर, एक कन्सोलवर मोजणीकडे डोळे लावून, एक नकाशावर. मी नकाशावर होते. कांडीचा क्रमांक मोठ्यानं वाचला जातो, मी तो परत उच्चारते, मग लिहिते. खांदे दुखणारं, संथ काम आहे. इंधन सरकारच्या ऊर्जा विभागाच्या मालकीचं असतं, विद्यापीठाकडे ते वापरायला दिलेलं. त्यामुळे प्रत्येक कांडी कुठे आहे याचा हिशेब कायम जुळलेला हवा.

फेब्रुवारीत अभ्यास गंभीर झाला. मुख्य ग्रंथ म्हणजे भट्टीच्या परवान्यासोबतच्या तांत्रिक अटी. त्यात कधीही ओलांडू नये अशी इंधनाच्या तापमानाची मर्यादा असते, तिथवर पोचण्याआधी यंत्रणेनं कुठे हस्तक्षेप करायचा तो आकडा असतो, भट्टी चालवायला किमान काय काय चालू हवं ते असतं आणि कोणती तपासणी किती दिवसांनी तेही. पाठ करण्याचा प्रयत्न बहुतेकांचा फसतो. मी प्रत्येक अटीसमोर "मी हे कोणत्या दिवशी हातानं केलं?" असं लिहीत गेले. वाहकतेसमोर रेझिनचा दिवस, दांड्यांसमोर जानेवारी. ज्या अटीसमोर काही लिहिता येईना, ते काम पुढच्या आठवड्यात मागून घेतलं.

दोन वायू परीक्षेत हमखास येतात, तेही समजून घ्या. पाण्यातल्या ऑक्सिजनपासून नायट्रोजन-१६ होतो. त्याचं अर्धायुष्य फक्त सात सेकंद, पण गॅमा किरण फार तीव्र. गाभ्यावरून पाण्याचा आडवा झोत सोडून तो वर यायला उशीर लावतात, एवढ्यानं काम होतं. हवेतल्या आरगॉनपासून आरगॉन-४१ होतो, अर्धायुष्य पावणेदोन तासांहून थोडं जास्त. तो हवेबरोबर बाहेर जातो, म्हणून मोजून नोंदावा लागतो.

मार्चमध्ये आयोगाचे फॉर्म. फॉर्म ३९८ मध्ये शिक्षण, प्रशिक्षणाचे तास, हाताळलेली नियंत्रणं आणि भट्टीच्या व्यवस्थापनाची सही. फॉर्म ३९६ वैद्यकीय. डॉक्टर दृष्टी, श्रवण, हृदय, मानसिक स्वास्थ्य पाहतात. एकट्यानं कन्सोलवर असताना अचानक शुद्ध हरपेल असं काही आहे का, हा त्यांचा मुख्य प्रश्न असतो. सर्वसाधारण डॉक्टरला हा फॉर्म अनोळखी असतो, म्हणून ज्यांनी आधी भरला आहे अशांकडेच जा. मला चष्मा आहे, त्यामुळे परवान्यावर चष्मा लावूनच काम करण्याची अट आली. जादा चष्मा कन्सोलच्या खणात ठेवला आहे.

खर्चाचं म्हणाल तर तपासणी, ठसे, परीक्षा यांतलं काहीच माझ्या खिशातून गेलं नाही, सगळं भट्टीच्या खात्यातून. पण प्रशिक्षणाचे तास बिनपगारी होते. त्यासाठी ग्रंथालयातलं अर्धवेळ काम सोडावं लागलं आणि वर्षभर हात आखडून राहावं लागलं. परवान्यानंतर तासाप्रमाणे पैसे मिळतात. हे गणित आधी मांडून घ्या.

परीक्षेची तारीख आयोगाच्या परीक्षकांच्या सोयीनं ठरते आणि भट्टीला ती कित्येक महिने आधी मागावी लागते. आमची मे महिन्यात होती, सत्राच्या परीक्षा संपल्या त्याच्या पुढच्याच आठवड्यात. शक्य असेल तर दोन्हींत अंतर मागा. ते फार थकवणारं होतं.

लेखी परीक्षा तीन तासांची. तीन विभाग: भट्टीचा सिद्धान्त, कार्यपद्धती व किरणोत्सर्ग सुरक्षा, आणि यंत्रणा. प्रत्येकात वीस गुण, पर्यायी प्रश्न, सूत्रांचा कागद ते देतात. मेख अशी की प्रत्येक विभागात स्वतंत्रपणे ७० टक्के हवेत, म्हणजे वीसपैकी चौदा. सिद्धान्तात वीसपैकी वीस मिळवून यंत्रणेत तेरा मिळाले तर नापास. प्रश्नपत्रिका आपल्याच भट्टीच्या कागदपत्रांवरून बेतलेली असते. स्क्रॅम झाल्यावर शक्ती कशी उतरते, असा एक प्रकार नेहमी येतो. सुरुवातीला झपकन, आणि मग दर ऐंशी सेकंदांना सुमारे ३७ टक्के उरेल अशा वेगानं, त्याहून जलद नाही, कारण सर्वांत उशिरा येणारे न्यूट्रॉन घाई करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष परीक्षा. परीक्षक बाई माझ्याबरोबर सगळ्या दालनातून फिरल्या. हा झडपेचा दांडा कशाचा, हा मीटर वाजला तर काय कराल, हौदाची पातळी खाली जात असेल तर पहिला फोन कुणाला. अंगात आधी कापरं होतं. रेझिनच्या टाकीपाशी आलो आणि ते गेलं, कारण त्या टाकीबद्दल मला विचाराल तेवढं कमी होतं. एका प्रश्नाचं उत्तर मला तोंडपाठ नव्हतं. ते कोणत्या कार्यपद्धतीत आहे ते सांगून, काढून, वाचून दाखवलं. ते चालतं. अंदाज बांधून सांगणं चालत नाही. मग कन्सोल: भट्टी सुरू करणं, सांगितलेल्या शक्तीवर नेणं, स्वयंचलित नियंत्रण लावणं, बंद करणं. मी अखंड बोलत होते, नोव्हेंबरपासून लागलेल्या सवयीनं.

नापास झालात तर दोन महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येतो, आणि जो भाग पार केलाय त्यातून सूट मागता येते. दुसऱ्यांदा नापास झालात तर सहा महिने थांबावं लागतं. हे मला आधी माहीत असतं तर झोप बरी लागली असती. निकालासाठी काही आठवडे थांबावं लागलं. त्या काळात पूर्वीसारखंच, शेजारी परवानाधारक बसवून काम केलं.

परवाना सहा वर्षांचा असतो. पण तो नुसता जवळ ठेवून टिकत नाही. दर तिमाहीत किमान चार तास ऑपरेटर म्हणून प्रत्यक्ष काम करावं लागतं. ते चुकलं तर पुन्हा सुरू करण्याआधी परवानाधारकाच्या देखरेखीखाली सहा तास. दर वर्षी प्रत्यक्ष चाचणी, दोन वर्षांत लेखी, दर दोन वर्षांनी वैद्यकीय. आणि तो याच भट्टीपुरता. विद्यापीठ सोडलं की तो संपतो आणि दुसऱ्या भट्टीवर अर्ज नव्यानं.

परवान्यानंतरची माझी पहिली पाळी भूगर्भशास्त्राच्या एका गटासाठी होती. गाभ्याभोवती चाळीस कप्प्यांची फिरती चकती असते, तिच्यात त्यांचे खडकांचे नमुने होते. सीनियर ऑपरेटर सुरुवातीला हजर होती, शक्ती स्थिरावल्यावर ती वरच्या मजल्यावर गेली, फोनच्या अंतरावर. नियमाप्रमाणे हे चालतं. कन्सोल मात्र क्षणभरही सोडायचं नाही. दर तासाला आकडे नोंदले. वाहकता आदल्या दिवसापेक्षा थोडी वर होती, मर्यादेच्या खूप खाली. तरी ते स्वतंत्र ओळीत लिहिलं आणि पाळी संपताना तोंडी सांगितलं. पुढच्या आठवड्यात रेझिन बदलायचं ठरलं आहे. सप्टेंबरमध्ये येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांपैकी दोघांना मी शिकवणार आहे, आणि त्यांना कन्सोल दाखवण्याआधी त्या दिवशी हजर राहायला सांगितलं आहे. जुने कपडे घालून या, म्हटलं.